कोविडनंतर उद्योजक संघटनांनी नक्की कुणाला सावरलं?

जॉबवर्कवाला_अंबड

परवा एका औद्योगिक संघटनेच्या वर्धापनदिनाला जाऊन आलो. कोविड काळातल्या कामाबद्दल सत्कार होते. शाल, श्रीफळ, आणि 'संघटनेने नाशिकचा उद्योग वाचवला' हे वाक्य सूत्रसंचालकाच्या तोंडी पुन्हा पुन्हा. संघटनेचं नाव घेत नाही, कारण प्रश्न एका संघटनेचा नाही. सातपूर, अंबड, सिन्नर, सगळीकडे उन्नीस-बीस तेच आहे.

श्रेय द्यायचं ते आधी देतो. 2020 च्या एप्रिलमध्ये कारखाने सुरू करायला परवानगी मिळाली ती कामगारांची आवारात राहायची सोय करा नाहीतर ने-आण करा, अशा अटींवर. आठ-दहा माणसांच्या गाळ्यात कोण कुठे झोपणार? तेव्हा परवानग्या, पास, यासाठी सरकारी कार्यालयांत खेटे घातले ते पदाधिकाऱ्यांनीच. विजेच्या स्थिर आकाराचंही, म्हणजे वीज वापरा न वापरा बिलात लागतोच त्या रकमेचंही, बोलणं झालं. वीज नियामक आयोगाने औद्योगिक आणि व्यापारी ग्राहकांना तो तीन बिलांपुरता पुढे ढकलू दिला. पुढे ढकलला, बरं का. परवाच्या भाषणात तो 'माफ' झाला होता.

माझं म्हणणं एवढंच आहे की संघटना सरकारशी बोलली, बँकांशी बोलली, पण स्वतःच्या सभासदांशी बोलली नाही. लहान कारखानदाराचा पैसा अडकला होता तो मोठ्या कारखान्यांकडे, आणि तेही त्याच संघटनेत, बहुतेक पहिल्या रांगेत.

मे 2020 मध्ये केंद्राने 3 लाख कोटींची तारणाशिवायची हमी कर्ज योजना आणली. 29 फेब्रुवारीला बँकेत जेवढी कर्जबाकी, तिच्या 20 टक्के नवीन कर्ज, बँकेचं व्याज जास्तीत जास्त 9.25 टक्के, पहिलं वर्ष मुद्दल नाही. सीसीवर, म्हणजे बँकेच्या कॅश क्रेडिट खात्यावर, माझी बाकी होती 10 लाख, म्हणजे मिळाले 2 लाख. त्याच वेळी एका मोठ्या कंपनीकडे माझी 4 लाखांच्या वरची बिलं पडून होती, लॉकडाऊनच्या आधीची. माल गेलेला, त्यांनी वापरलेला. पर्चेसला, म्हणजे त्यांच्या खरेदी विभागाला, फोन केला की 'फंड फ्लो टाइट आहे'. म्हणजे माझा पैसा त्यांनी बिनव्याजी वापरायचा आणि मी व्याजाने पैसे काढून पगार करायचे. याला उद्योग वाचवणं म्हणत असाल तर म्हणा.

सातपूरकर

साहेब, मी कार्यकारिणीवर होतो, त्यामुळे हे मला लागलं. लागायलाच पाहिजे, तुम्ही त्यासाठीच लिहिलंय.

संघटना म्हणजे वसुली कार्यालय नाही. 45 दिवसांत पैसे द्यायचे हा कायदा 2006 पासून आहे. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज आहे. तक्रारीला सरकारी पोर्टल आहे, असे वाद मिटवणारी सुविधा परिषद आहे. अर्ज पुरवठादारालाच करायचा असतो. किती जणांनी केला? आम्ही सभेत विचारलं की सगळे चहाच्या कपात बघतात. उद्या ऑर्डर बंद होईल ही भीती मला कळते, मीही व्हेंडरच आहे. पण मग जी हिंमत तुम्हाला होत नाही ती अध्यक्षाने करावी, ही अपेक्षा कशी? त्यालाही ऑर्डर लागतात.

आणि एप्रिल 2021 विसरू नका. 22 तारखेपासून उद्योगांचा ऑक्सिजन बंद झाला, काही ठरावीक क्षेत्रं सोडून. त्याच्या आदल्या दिवशी झाकीर हुसेन रुग्णालयात टाकीची गळती होऊन माणसं गेली होती. त्या आठवड्यात गॅस कटिंगवाल्यांना 'सिलिंडर द्या' म्हणायला आम्ही गेलो. एकाने काही न विचारता टेम्पोत चढवून दिले, त्याचं स्वतःचं काम महिनाभर बंद होणार हे माहीत असून. हे कुठल्या योजनेत बसवणार?

फंडाची_फाइल

मी पीएफ-ईएसआयची, म्हणजे भविष्यनिर्वाह निधी आणि कामगार विम्याची, कामं करते. दोघांचंही थोडं बरोबर, पण खरी गोम कुणी सांगत नाही.

मार्च ते ऑगस्ट 2020 केंद्राने पीएफचा मालक-कामगार दोन्हींचा मिळून 24 टक्के हिस्सा भरला. पेपरात मोठ्या बातम्या आल्या. अट काय होती? 100 पर्यंत कामगार, आणि त्यातल्या 90 टक्क्यांचा पगार 15,000 च्या आत. आता अंबडमधलं 12 माणसांचं सीएनसीचं, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मशीनचं, वर्कशॉप घ्या. 90 टक्के म्हणजे किमान 11 जण 15,000 च्या खाली हवेत. चांगला सेटर, म्हणजे मशीन लावून देणारा कारागीर, 15,000 मध्ये मिळतो का? एक सेटर आणि एक प्रोग्रामर असले की अख्खं युनिट बाद. बाकीच्या 10 हेल्परांचाही फायदा गेला. कमी पगार देणारा पात्र आणि कारागीर सांभाळणारा अपात्र!

इथे संघटनेचं काम होतं. 'उद्योगांना दिलासा द्या' अशी निवेदनं माझ्या व्हॉट्सअॅपवर ढिगाने आली. पण 'ही 90 टक्क्यांची अट काढा, 15,000 च्या आतल्या माणसापुरता तरी लाभ द्या' असं नेमकं लिहिलेलं एकही माझ्या पाहण्यात आलं नाही. ऑक्टोबर 2020 च्या रोजगार योजनेत तो लाभ कामगारनिहाय मोजला, पण नव्याने घेतलेल्यांसाठी, किंवा कोविडमध्ये काम गेलेल्यांना परत घेतलं तर. ज्याने कुणालाच काढलं नाही त्याच्या हाती काय?

दुसरी_पाळी

सगळा धागा वाचला. मालकाचं झालं, मोठ्या मालकाचं झालं. आता आमचं.

29 मार्च 2020 ला केंद्राच्या गृहखात्याचा आदेश निघाला, बंद काळाचा पूर्ण पगार द्या, कपात नको. त्याविरुद्ध मालक लोक सुप्रीम कोर्टात गेले. 18 मेपासून सरकारने आदेशच मागे घेतला, आणि 12 जूनला कोर्ट म्हणालं की मालकांवर सक्तीची कारवाई नको, आपापसात बसून ठरवा. आपापसात म्हणजे कुणी? माझं नाव तर ठेकेदाराच्या हजेरीवर. कंपनी म्हणे ठेकेदाराला विचार, ठेकेदार म्हणे कंपनीचं बिल आलं नाही. जॉबवर्कवाले दादा, तुमचे 4 लाख अडकले, माझे दीड महिन्याचे पगार अडकले ते अजून आलेले नाहीत.

ईएसआयमध्ये काम गेलेल्याला 90 दिवस निम्मा पगार मिळायची सोय होती, आधी 25 टक्के होती ती 50 केली होती. कामगाराने स्वतः अर्ज करायचा, मालकाची सही लागत नव्हती. मला हे कळलं तेव्हा मुदत गेलेली. एमआयडीसीत चौकाचौकात 'उद्योजकांच्या पाठीशी' असे फ्लेक्स होते. त्याच्या खाली एक ओळ ही टाकली असती तर काय बिघडलं असतं?

सिन्नरी

दुसरी_पाळी भाऊ, पगार अडकला ते वाईटच, पण गल्ल्यात शून्य असताना पूर्ण पगार द्या म्हणणं सोपं आहे. मी एप्रिलचा अर्धा दिला, मेचा अर्धा दिला, बायकोचे दागिने ठेवून. ते इथे लिहिण्यासाठी दिले नव्हते. कोर्टाने जे म्हटलं ते लहान मालक जगावा म्हणून म्हटलं.

आणि मे महिन्यात कारखाना उघडला तेव्हा काय होतं ते ऐका. मशीन थंड ठेवायचं कूलंट टाकीत कुजलेलं. शेडचं शटर वर केलं की नाकाला रुमाल. स्लाइडवर गंज. सेटर बिहारचा, तो गेलेला. श्रमिक गाड्यांचं नाव आता सगळे घेतात, त्या अगदी सुरुवातीलाच नाशिकरोडहून भोपाळला, लखनौला सुटल्या. गेले ते बरोबरच गेले, घर कुणाला नको असतं? पण मशीनवर उभं कोण राहणार? स्थानिक पोरं शिकवून तयार करायला संघटनेने आयटीआयशी बोलून काही बॅचेस काढल्या, आमच्या इथे त्यातली दोन पोरं आजही आहेत. हे कुणी मोजत नाही.

दुसरी_पाळी

दागिने ठेवणाऱ्या मालकाबद्दल माझी तक्रार नाहीच. तक्रार आहे ती एप्रिल 2020 मध्येच 12 तासांच्या पाळीची मुभा मागणाऱ्यांबद्दल. महाराष्ट्राने ती दिली तेव्हा निदान जादा तासांना दुप्पट दर ठेवला. गुजरातने तोही काढला होता, ते सुप्रीम कोर्टाने 1 ऑक्टोबरला रद्द केलं. आमच्या गेटवर कागदावर दुप्पट होता, हातात एकपटच आला. माणसं कमी म्हणून पाळी मोठी हवी, आणि माणसं टिकावीत म्हणून पगार मात्र नको?

गंगापूर_रोडचं_हॉटेल

तुमचं सगळं एमआयडीसीच्या कमानीच्या आत चाललंय. आमच्यासारख्यांना त्या हमी कर्जात वेगळी मुदतवाढ आणि 40 टक्क्यांपर्यंतची मर्यादा मिळाली ती थेट मार्च 2021 मध्ये. आणि पुढच्याच महिन्यात पुन्हा टाळं. मिसळीचं भांडं गॅसवर चढलं नाही तर त्याची ऑर्डर 'पुढे ढकलली' जात नाही, तो दिवस गेलाच. संघटना आमचीही होती, पण आवाज नेहमी यंत्रांचाच मोठा.

जॉबवर्कवाला_अंबड

सातपूरकर साहेब, सिलिंडरचं मी नाकारत नाही. त्या गॅस कटिंगवाल्याचा सत्कार परवा झाला असता तर मीही टाळ्या वाजवल्या असत्या.

पण 'एकट्याला हिंमत नाही तर अध्यक्षाला कुठून येणार' हे पटत नाही. एकट्याला हिंमत होत नाही म्हणूनच तर संघटना काढतात ना? मी पोर्टलवर गेलो तर त्या कंपनीतला माझा व्हेंडर कोड बंद होईल, म्हणजे ऑर्डरच बंद. संघटनेने सगळ्यांच्या वतीने पत्र दिलं तर कुणाचा कोड बंद करतील?

2024 पासून आयकरात बदल झाला, लहान उत्पादकाचं बिल मुदतीत दिलं नाही तर मोठ्याला त्या वर्षी तो खर्च धरता येत नाही. मार्चमध्ये कधी नव्हे ते पर्चेसवाल्यांचेच फोन यायला लागले. म्हणजे फंड फ्लो सैल होऊ शकतो. हे 2020 मध्ये आपण मागायला हवं होतं, आणि तेव्हा आपण मागत होतो जीएसटीची तारीख पुढे.

दुसरी_पाळी, तुमच्या ठेकेदाराचं उत्तर आणि मला मिळालेलं उत्तर एकच आहे, हे आज तुम्ही लिहिल्यावर दिसलं. तरी पगार मालकानेच द्यायचा असतो, हेही मान्य.

सातपूरकर

पत्र द्यायला हरकत नाही. पण त्या कंपन्याच वर्गणीचा आणि कार्यक्रमांचा मोठा वाटा उचलतात, हे व्यवहारात विसरता येत नाही. उद्या त्या बाहेर पडल्या तर जिल्हाधिकाऱ्यांकडे तुमचं ऐकणार कोण? मोठं नाव बरोबर असतं म्हणून बैठकीची वेळ मिळते. पटो न पटो.

फंडाची_फाइल

पत्राच्या आधी एक करा. 45 दिवसांवरची लहान उद्योगांची देणी असतील तर कंपन्यांना दर सहामाहीला एमएसएमई फॉर्म 1 भरावा लागतो, 2019 पासून. संघटनेने सभासद कंपन्यांकडून त्याची प्रत मागायची. भरला असेल तर आकडा समोर येईल. नसेल भरला तर कायद्याने तो प्रश्न त्यांचा, तुमचा नाही. कुणा एका व्हेंडरचं नाव घ्यायची गरजच नाही.

सिन्नरी

हे चांगलं आहे. ठराव मांडा, अनुमोदन मी देतो. फक्त सभा शनिवारी दुपारी ठेवू नका, त्या वेळी डिस्पॅच असतो आणि लहान युनिटवाला कुणी येत नाही. मग पुन्हा तेच सात जण हात वर करतात.

दुसरी_पाळी

आणि ठरावात ठेकेदारांची बिलं पण धरा.