नऊ वर्षांच्या वकिलीनंतर एलएलएम करावं का? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. सनद मिळून मला नऊ वर्षं झाली. पहिली तीन वर्षं एका ज्येष्ठ वकिलांच्या हाताखाली दिवाणी दावे केले, त्यानंतर आजवर एका कंपनीच्या विधी विभागात आहे. काम मुख्यतः करारांचं. मसुदे करायचे, समोरच्यांनी सुचवलेले बदल तपासायचे, वाद पेटलाच तर बाहेरच्या वकिलांना कागदपत्रं लावून द्यायची. परदेशी पक्षांबरोबरच्या करारांतली लवादाची, म्हणजे वाद कोर्टाऐवजी त्रयस्थाकडून सोडवण्याची, कलमं गेली चार वर्षं मीच लिहिते आहे, आणि माझा खरा जीव याच कामात आहे.

यंदा बढतीच्या यादीत माझं नाव नव्हतं. विचारायला गेले तेव्हा वरिष्ठ म्हणाले, "तुमच्या कामाबद्दल तक्रार नाही, पण एका विषयातली तज्ज्ञता कागदावर दिसायला हवी." तो "कागदावर" शब्द मनातून जाईना. मी आंतरराष्ट्रीय लवाद या विषयातल्या एक वर्षाच्या पूर्णवेळ एलएलएमसाठी, म्हणजे कायद्याच्या पदव्युत्तर पदवीसाठी, अर्ज केला. प्रवेश मिळाला आहे. जागा राखायला अनामत भरायची मुदत तीन आठवड्यांवर आली आहे आणि माझा निर्णय होत नाही.

गेला महिनाभर वाचून जे हाती लागलं ते आधी सांगते, म्हणजे तुम्हाला तेच पुन्हा लिहावं लागणार नाही.

प्राध्यापकी करायची असती तर प्रश्नच नव्हता. तिथे पदव्युत्तर पदवीशिवाय दार उघडत नाही. भारतात सहायक प्राध्यापकासाठी त्या पदवीला निदान 55 टक्के आणि सर्वसाधारणपणे वर नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा लागते. पण मला शिकवायचं नाही.

दुसऱ्या देशात वकिली करायची तर एलएलएम लागतंच, असं मी इतकी वर्षं धरून चालले होते. ते अर्धंच खरं निघालं. न्यूयॉर्कच्या नियमात परदेशी पदवीचा कालावधी कमी पडत असेल, किंवा ते शिक्षण कॉमन लॉचं (इंग्लंडच्या कायदापरंपरेचं) नसेल, तर ती एक उणीव किमान 24 क्रेडिटच्या एलएलएमने भरून काढता येते. दोन्ही उणिवा असतील तर एलएलएम करूनही उपयोग नाही. उलट पुरेशा कालावधीचं पूर्णवेळ कॉमन लॉ शिक्षण झालेलं असेल, तर एलएलएम नसतानाही बार परीक्षेला, म्हणजे सनदेच्या परीक्षेला, बसण्याची परवानगी मिळू शकते. कॅलिफोर्नियात परदेशी सनद असलेल्या वकिलाला एलएलएमची अट नाही. इंग्लंडमध्ये 2021 पासून सॉलिसिटर (तिथला एक प्रकारचा वकील) होण्यासाठी एसक्यूई ही परीक्षा आहे, तिलाही एलएलएम लागत नाही. ज्यांच्या डोक्यात परदेशी सनद आहे त्यांनी कर्ज काढण्याआधी त्या त्या बारचे नियम स्वतः वाचावेत, एवढं कळकळीने सांगते. माझ्या ओळखीतल्या एकीने पदवी आधी घेतली आणि नियम नंतर वाचले. तिचं फार नुकसान झालं.

आता माझ्या विषयाबद्दल. लवाद म्हणून, म्हणजे निवाडा देणारी व्यक्ती म्हणून, काम करायला किंवा लवादापुढे बाजू मांडायला एलएलएम लागतं, असा नियम मला कुठेही सापडला नाही. लवादाच्या निवाड्यांच्या अंमलबजावणीचा 1958 चा न्यूयॉर्क करार आज 170 हून अधिक देशांनी स्वीकारलेला आहे. त्यामुळे हे क्षेत्र मुळातच देशांच्या सीमा ओलांडणारं आहे, आणि अशा क्षेत्रात वर्गातल्या ओळखी मोलाच्या ठरतात, असं सगळे सांगतात. मला ते पटतं. पण मग मी एक साधी गोष्ट केली. मला ज्या खुर्चीत बसायचं आहे, त्या खुर्चीत आज बसलेल्या लोकांची माहिती काढून वाचली. काहींकडे एलएलएम आहे, काहींकडे नाही. सुनावण्यांचा अनुभव मात्र प्रत्येकाकडे आहे. साक्षीदार तपासलेत, तज्ज्ञांचे अहवाल फोडलेत, निवाड्यानंतरची भांडणं लढलीत. माझ्याकडे नेमकं तेच नाही. मी कलम लिहिते, पण ते कलम पुढे सुनावणीत कसं वाकवलं जातं हे मी जवळून पाहिलेलं नाही.

त्यात गेल्या आठवड्यात आणखी एक वाट समोर आली. आमच्या कंपनीसाठी पूर्वी काम केलेल्या एका वकीलबाईंचं लवादाचंच काम असतं. त्यांनी विचारलं, "माझ्याकडे येतेस का? पगार आजच्यापेक्षा कमी देईन, पण पहिल्या दिवसापासून सुनावणीला शेजारी बसवीन." त्या मला नवखी असल्यापासून ओळखतात. उगाच शब्द देणाऱ्या नाहीत.

घरचं सांगायचं तर मुलगी पाच वर्षांची आहे. नवरा म्हणतो, "तू जा, मी सांभाळतो," आणि तो खरंच सांभाळेल. पण वर्षभर माझा पगार बंद आणि पुढे कर्जाचे हप्ते, हे दोन्ही त्याच्या एकट्याच्या डोक्यावर येणार. ब्रिटिश सरकारच्या चेव्हनिंगसारखी पूर्ण शिष्यवृत्ती मिळवायची तर अर्ज आदल्या वर्षी करावा लागतो. ती संधी यंदा गेली, आणि त्यात शिक्षण संपल्यावर दोन वर्षांसाठी मायदेशी परतण्याची अटही असते.

तर मला विचारायचं आहे ते असं. आठ-दहा वर्षं काम केल्यावर ज्यांनी एलएलएम केलं, त्यांना परतल्यावर कामाचं स्वरूप बदललेलं दिसलं का? पदनाम आणि पगाराबद्दल विचारत नाही, टेबलावर येणाऱ्या फायली बदलल्या का, ते विचारते आहे. आणि जे कोणी विधी विभागात किंवा फर्ममध्ये माणसं निवडतात, त्यांनी कृपया स्पष्ट सांगा, समोर एलएलएम झालेली व्यक्ती आणि दोन वर्षं सुनावण्या केलेली व्यक्ती असेल तर तुम्ही कुणाला घेता?

*भर:* प्रतिसादांबद्दल मनापासून आभार. दोघांनी विचारलंय की दूरस्थ एलएलएम का नको. लंडन विद्यापीठाचा तसा अभ्यासक्रम पाहिला. त्यात आधी सर्टिफिकेट, मग डिप्लोमा, मग एलएलएम असं टप्प्याटप्प्याने जाता येतं, आणि ते मला आवडलं. ओळखींचा भाग त्यात कमी होणार हे दिसतंय. एकांनी लंडनच्या चार्टर्ड इन्स्टिट्यूट ऑफ आर्बिट्रेटर्सच्या सदस्यत्वाचं सुचवलं. ही संस्था 1915 पासूनची आहे आणि सदस्यत्वाच्या पायऱ्या नोकरी सांभाळून चढता येतात. वरिष्ठांचं "कागदावर" तेवढ्याने भागेल का, हे मी सोमवारी त्यांनाच विचारणार आहे. पूर्वीच विचारायला हवं होतं.

वकीलबाईंकडे जाऊन सोबत दूरस्थ अभ्यास करावा, असं आता मन घेतंय. सुनावण्यांच्या दिवसांत अभ्यासाला वेळ उरतो का? कुणी हे दोन्ही एकत्र केलं असेल तर तुमचा आठवडा कसा जायचा, तेवढं सविस्तर लिहाल का?