अंगण, पायऱ्या, गच्ची, कौलं : शेवाळ कसं काढता?

गणपतीला माणसं यायच्या आत पायऱ्या चालण्याजोग्या व्हायला हव्यात. कशावर काय चालतं ते प्रमाणासकट लिहा.

दापोली, चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या) पायऱ्या
दोन दिवसांची उघडीप बघा. आधी फावड्यानं जाड थर खरवडा. तसाच ठेवलात तर ब्लीचिंग पावडरचा जोर वरच्यावरच संपतो. प्लास्टिकच्या बादलीत 10 लिटर पाण्याला 300 ग्रॅम ताजी पावडर कालवून अर्धा तास निवळू द्या आणि फक्त वरची निवळी ओता. गाळ गेला की चिऱ्यावर पांढरे डाग पडलेच. 20 मिनिटं ओलं ठेवून ताठ ब्रशनं घासा, भरपूर पाणी मारा. चिऱ्याच्या भोकांतलं शेवाळ एका हातात मरत नाही, आठवड्यानं दुसरा हात हवाच. पावडरचे खडे झालेत, वास उडालाय? मग ती वापरून उपयोग नाही. हातमोजे घाला.

सावंतवाडी
वरच्यात भर : चिऱ्यावर प्रेशर वॉशर नकोच. भोकांतली मऊ माती उडते, भोकं मोठी होतात, पाणी आणखी मुरतं. काँक्रीटवर चालेल, पसरट फवारा ठेवून.

पुणे, शहाबादी फरशी
ॲसिड टाकू नका. शहाबादी आणि कोटा दोन्ही चुनखडीचे दगड. फेस येतो तो घाण निघाल्याचा नव्हे, फरशी झिजल्याचा. खडबडीत झालेल्या फरशीवर पुढच्या पावसात शेवाळ दुप्पट जोमानं धरतं. आणि ॲसिड न् ब्लीचिंग एकत्र आलं की क्लोरीन वायू सुटतो. एकाच मोरीत पाठोपाठसुद्धा ओतू नका.

फोंडा, कौलं
पावसात छपरावर चढायचंच नाही. मे महिन्यात, कौलं कोरडी असताना, फळी टाकून. ब्रश वरून खाली; उलटा चालवलात तर कौल उचकटतं. कोन्याखाली (छपराच्या माथ्यावरच्या कौलाखाली) तांब्याची पट्टी बसवली तर तिच्यावरून ओघळणारं पाणी शेवाळ रोखतं. छपराचं पाणी माशांच्या टाकीत जात असेल तर मात्र हे नको. मोरचूद (कॉपर सल्फेट, तांब्याचा क्षार) मारत असाल तरी तेच.

दापोली, पुन्हा
झाडं राहिली. ब्लीचिंगआधी कडेची माती साध्या पाण्यानं भिजवा, तुळस झाका. पागोळ्यांखालीच हिरवा पट्टा येत असेल तर पन्हळ लावा. गच्चीत पाणी साचतंय का बघा, उतार मीटरला किमान 1 सेंटिमीटर हवा. नाहीतर दर श्रावणात घासत बसाल.