मदत हवी आहे: बाबांची बंद नस उघडली, पण रक्त परत आल्यावरच हृदयाच्या पेशी मरतात म्हणे, हे कसं?

गिरणगावची_लेक

नमस्कार मंडळी, जरा लांबलचक आहे पण प्लीज वाचा. मागच्या आठवड्यात बाबांना अटॅक आला. रात्री अडीचला छातीत जळजळ सुरू झाली, त्यांना वाटलं ॲसिडिटी, मग थंड दूध, मग इनो, मग आईकडून पाठीला बाम चोळून घेतला, असं करत करत साडेचार वाजले आणि बनियन घामाने पिळून काढावा इतका भिजला तेव्हा आईने मला उठवलं. लालबागहून टॅक्सी केली, त्या वेळी रस्ते रिकामे होते म्हणून पटकन पोचलो. पुढची मोठी नस, एलएडी, शंभर टक्के बंद निघाली. साडेपाचच्या सुमारास स्टेंट टाकून उघडली.

आता प्रश्न. दुसऱ्या दिवशी ट्रोपोनिन (हृदयाच्या पेशींना इजा झाली की रक्तात वाढतं ते) आणखी वाढलेलं, टू-डी इकोत म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत पंपिंग (भरलेल्या रक्तापैकी हृदय किती बाहेर ढकलतं ते) ३८ टक्के. राऊंडला आलेले डॉक्टर म्हणाले की नस छान उघडलीय पण रक्त परत सुरू झालं की त्यानेही थोडं नुकसान होतं, रीपर्फ्युजन इंज्युरी म्हणतात, आणि पुढच्या बेडकडे गेले. नस उघडल्या उघडल्या ठोके पण थोडा वेळ वेडेवाकडे पडले होते म्हणे. हे सगळं आईने ऐकलं आणि तेव्हापासून ती एकच विचारतेय, "म्हणजे नस उघडली नसती तर बरं झालं असतं का गं?" मी बीकॉम, मला काय उत्तर द्यावं कळत नाहीये. रक्त येणं चांगलंच ना? मग त्याने पेशी मरतात कशा? आणि याच्यावर औषध असेल तर दिलं का नाही?

शिवडी_स्टेशन

ताई, मी डॉक्टर म्हणून प्रॅक्टिस करत नाही, मेडिकल कॉलेजात फिजिऑलॉजी शिकवते, तेवढ्यापुरतं सांगते. बाबांच्या उपचारांचं त्यांच्या डॉक्टरांनाच विचारा.

आधी आईंना सांगा, नाही, अजिबात बरं झालं नसतं. नस बंद राहिली की मरण हृदयाच्या आतल्या थरातून सुरू होतं आणि तासातासाने बाहेरच्या थराकडे सरकतं. १९७७ मध्ये कुत्र्यांवर हे नीट मोजलंय, ४० मिनिटांत उघडली तर मुख्यतः आतला थर गेलेला, ६ तासांनी जवळजवळ पूर्ण जाडी. म्हणजे उघडली म्हणून जे वाचलं ते बरंच आहे.

आता रक्ताने पेशी का मरते. ऑक्सिजन बंद झाला की पेशीतलं एटीपी, म्हणजे तिचं इंधन, संपत जातं आणि आत ॲसिड साचतं. ते ॲसिड बाहेर टाकायला पेशी बदल्यात सोडियम आत घेते. एरवी हे सोडियम बाहेर काढणारा पंप असतो पण तो एटीपीवर चालतो, आणि एटीपीच नाही. मग सोडियम-कॅल्शियमची अदलाबदल करणारं दुसरं दार उलटं चालायला लागतं, सोडियम बाहेर, कॅल्शियम आत. पेशी कॅल्शियमने भरते, पण गंमत नाही खरंच सांगते, तेच ॲसिड तिला काही काळ सांभाळूनही असतं, कारण ॲसिडमध्ये स्नायू जोरात आकसू शकत नाही आणि मायटोकॉन्ड्रियाच्या (पेशीतली एटीपी बनवणारी वीजघरं) पडद्यातलं एक धोक्याचं भोक बंद राहतं.

मग नस उघडते. काही मिनिटांतच ॲसिड धुतलं जातं. बाहेर ॲसिड कमी, आत जास्त, म्हणून सोडियम अजून आत, त्यामागे कॅल्शियम अजून आत. त्याच वेळी ऑक्सिजन एकदम येतो, आणि मायटोकॉन्ड्रियात सक्सिनेट नावाचा पदार्थ साचलेला असतो तो भराभर जळतो, त्यातून फ्री रॅडिकल्सचा, म्हणजे पेशीला इजा करणाऱ्या रेणूंचा, लोंढा निघतो. जास्त कॅल्शियम, फ्री रॅडिकल्स आणि ॲसिड गेलेलं, तिन्ही एकत्र आले की ते भोक उघडतं. मायटोकॉन्ड्रिया फुगून फुटतात, एटीपी बनवायचं सोडून उलट खायला लागतात, आणि पेशी संपते. काही पेशी तर एटीपी परत आल्या आल्या इतक्या आकसतात की स्वतःचा आणि शेजारणीचा पडदा फाडतात. शिवाय बारीक केशवाहिन्या सुजून बंद पडतात, म्हणजे मोठी नस उघडी असून रक्त पोचत नाही, त्याला नो-रिफ्लो म्हणतात.

ठोके वेडेवाकडे पडले तेही याच कॅल्शियमच्या गोंधळातून, बऱ्याचदा रक्त पोचल्याचीच ती खूण असते. आणि ट्रोपोनिन वाढलं त्यातलं बरंचसं आधीच मेलेल्या पेशींतलं आहे, रक्त सुरू झाल्यावर धुऊन बाहेर आलं. स्टेंटने नवीन बिघाड झाला असा त्याचा अर्थ नाही.

गिरणगावची_लेक

देवासारख्या भेटलात. आईला एवढं कसं सांगू तेच कळत नाहीये. आणि औषधाचं?

शिवडी_स्टेशन

गाव कोकणात आहे का? गावी लाईट गेली की फ्रिजचा प्लग काढून ठेवतात, कारण लाईट येते तेव्हा एकदम व्होल्टेज येतं आणि कॉम्प्रेसर जळतो. म्हणून काय कोणी लाईट येऊच नये म्हणत नाही.

औषध शोधायला लोकांनी आयुष्यं घातलीत. १९८६ मध्ये कुत्र्यांच्या हृदयाची नस आधी ५-५ मिनिटं चार वेळा बंद-चालू केली आणि मग ४० मिनिटं बंद ठेवली, तर मेलेला भाग एरवीच्या चौथाईवर आला. पण अटॅक येणार हे आधी कोणाला माहीत असतं? मग २००३ मध्ये दाखवलं की नस उघडल्यावर लगेच काही सेकंद बंद-चालू केली तरी प्राण्यांत फायदा होतो. मायटोकॉन्ड्रियातलं ते भोक बंद ठेवणारं सायक्लोस्पोरिन नावाचं औषध २०१५ मध्ये जवळपास हजार पेशंटवर तपासलं, उपयोग झाला नाही. दंडाला बीपीचा पट्टा बांधून हात थोडा वेळ दाबायचा-सोडायचा, तेही २०१९ मध्ये ५ हजारांवर पेशंटमध्ये करून पाहिलं, फरक पडला नाही. म्हणजे बाबांना काही द्यायचं राहून गेलं असं नाहीये. मला स्वतःला याचं फार वाईट वाटतं, दरवर्षी मुलांना शिकवताना इथे येऊन थांबावं लागतं.

घरी गेलेले ते दोन तास महागात पडले हे खरं, खोटं सांगणार नाही. पण बाम चोळणाऱ्या आईंनी स्वतःला दोष देऊ नये, जळजळ म्हणजे ॲसिडिटी हे अर्ध्या मुंबईला वाटतं.

आणि ३८ टक्के हा आकडा शेवटचा नाही. मेलेल्या पेशी परत येत नाहीत, पण त्यांच्या आजूबाजूच्या बऱ्याच नुसत्या सुन्न झालेल्या असतात, जिवंत आहेत पण काम करत नाहीत. त्या काही दिवसांत, काही आठवड्यांत परत चालू होतात. म्हणून दीड-दोन महिन्यांनी इको परत करतात. तोवर रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या एक दिवसही चुकवू नका, स्टेंट नवा आहे.

चिंचपोकळीकर

माझ्या मामांचं पंपिंग ३५ होतं, दोन महिन्यांनी ४७ आलं. प्रत्येकाचं वेगळं असतं पण धीर सोडू नका.

गिरणगावची_लेक

आईला फ्रिजचं सांगितलं. गाव देवगडजवळ आहे, लगेच कळलं तिला. थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "मग लाईट यायलाच हवी होती." काल रात्री पहिल्यांदा झोपली. गोळ्यांचा डबा आता तिच्याच ताब्यात आहे, दुसऱ्या इकोचा रिपोर्ट आला की इथेच टाकते.