सकाळ वाया घालवू नका
नागपुरात दोन दिवसांत काय खावं-पाहावं, या प्रश्नावर वर सगळ्यांनी पाहुण्यांना सावजीकडेच (झणझणीत मटणाच्या खाणावळीत) पाठवलंय. चालेल, पण सकाळचे तर्री पोहे चुकवू नका. कस्तुरचंद पार्काजवळच्या ठेल्यावर पोह्यांवर चण्याचा लालभडक रस्सा पडतो, वर कांदा आणि लिंबू. तिखट झेपत नसेल तर "तर्री कमी" आधीच सांगा, नंतर पाणी पिऊन काही होत नाही बाप्पा! हिवाळ्यात येत असाल तर कढीसोबत सांबारवडी (कोथिंबिरीचं सारण भरलेली तळलेली वडी) खाच. माझ्या मते सावजीपेक्षा तीच सरस. संत्री आंबिया बहाराची (हिवाळ्याअखेरच्या फुलोऱ्याची) नोव्हेंबर-डिसेंबरात, मृगाची (पावसाळ्यातल्या फुलोऱ्याची) फेब्रुवारी-मार्चात मिळतात. मे महिन्यात आलात तर संत्रा बर्फीवरच भागवा. रामटेक इथून साधारण 50 किलोमीटर, तिथल्या राममंदिराच्या गडावर उन्हाआधी चढा. दीक्षाभूमी संध्याकाळी निवांत पाहा.