मदत हवी आहे: १९ एकांची संख्या मूळ आहे, याचा तपासता येणारा पुरावा

संख्या न म्हणजे ११११११११११११११११११११ नव्हे, नेमके १९ एक: १११११११११११११११११११. (मोजताना हमखास चूक होते, म्हणून (१०^१९ − १) ÷ ९ असे धरा.)

ती मूळ आहे हे माहीत आहे. मला हवा आहे तो विद्यार्थ्यांना पायरीपायरीने पडताळता येईल असा पुरावा. संगणकातली तयार आज्ञा चालणार नाही.

सरळ भागून पाहणे जड जाते: अवयव ३८क + १ याच रूपात असू शकतो, तरी वर्गमूळ सुमारे १०५.४ कोटी, म्हणजे क ची किंमत पावणेतीन कोटींपर्यंत जाते.

म्हणून पॉकलिंग्टनची कसोटी घेतली: न − १ चे पुरेसे अवयव माहीत असले की, एखाद्या संख्येचे (पायाचे) घात न ने भागून न मूळ असल्याचे तिने सिद्ध करता येते. न − १ चे पूर्ण अवयव मिळतात: २ × ३² × ५ × ७ × ११ × १३ × १९ × ३७ × ५२५७९ × ३३३६६७.

पाया १० निरुपयोगी, कारण १०^१९ ला न ने भागल्यावर बाकी १ उरते. न ला ८ ने भागून ७ उरतात, त्यामुळे २ हा पायाही २ या अवयवापाशी अडतो (म्हणजे २^((न−१)/२) ची बाकी १ येते). ३ घेतला तर ३^(न−१) ची बाकी १ येते. गुणाकार १२८ बिटांत केला आहे. ६४ बिटांत तो मावत नाही.

५२५७९ × ३३३६६७ हा गुणाकार वर्गमूळाहून मोठा आहे. मग फक्त या दोन अवयवांसाठी ३^((न−१)/अवयव) − १ आणि न यांचा मसावि १ दाखवला की पुरे का? आणि एखाद्यापाशी ३ अडलाच, तर तेवढ्यापुरता वेगळा पाया चालेल का?