घाट उतरताना वळणात पाय उचलला की मागची बाजू सुटते. फ्रंट व्हील ड्राइव्हमध्ये हे कसं?

घाटउतार:
फ्रंट व्हील ड्राइव्ह गाडी वळणात सुटलीच तर तोंड बाहेर काढते, असंच सगळीकडे वाचायला मिळतं. पण पावसात आंबोली किंवा वरंधसारखा घाट उतरताना वळणाच्या मध्येच ॲक्सिलरेटर सोडला की उलटं होतं, मागची बाजू बाहेर जाते. मागच्या चाकांना इंजिनची ताकद जातच नाही, मग ती सुटतात कशी? गाडी हॅचबॅक, मागे टॉर्शन बीम (मागची दोन्ही चाकं जोडणारा आडवा दांडा) आणि ड्रम ब्रेक. एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) आहे, ईएससी (घसरलेली गाडी आपणहून सावरणारी) नाही. पुढचे दोन टायर नवे, मागचे जुने. मागे वजन कमी पडत असेल तर डिकीत वाळूचं पोतं टाकून फरक पडेल का?

तिसरा_गिअर:
ताकद कुठल्या चाकाला जाते याचा इथे संबंध नाही. मागची चाकं नुसती घरंगळत असली तरी गाडीचा मागचा भाग वळणात धरून ठेवायचं काम त्यांनाच करावं लागतं.

आकडे घालून बघा. गाडी १००० किलोची, ६०० पुढे आणि ४०० मागे. व्हीलबेस २४५० मिमी, गुरुत्वमध्य जमिनीपासून ५३० मिमी वर. १२ फुटांना १ फूट असा उतार धरला तर केवळ उतारामुळे मागचा साधारण १८ किलो भार पुढे सरकतो. पाय उचलल्यावर इंजिनने ०.१ जी (गुरुत्वप्रवेगाच्या एक दशांश) इतका वेग मारला तर आणखी २२ किलो गेले. घाबरून ब्रेक दाबला आणि ०.३ जी झालं तर २२ ऐवजी ६५. म्हणजे मागे उरले ३१७.

खरी मेख पुढे आहे. मागच्या चाकांवरचा भार ३१७ झाला, पण गाडीच्या मागच्या भागाचं वस्तुमान ४०० किलोच आहे. त्याला वळवायला लागणारा आडवा जोर ४०० च्या हिशेबाने, आणि टायरची पकड ३१७ च्या हिशेबाने. २५ मीटर त्रिज्येचं वळण ताशी ४० किमीने घेतलं की आडवं ०.५ जी होतं. सपाटीवर, वेग स्थिर असताना, मागच्या टायरला ०.५ घर्षणांक पुरतो. इथे ०.६३ लागतो, आणि ब्रेक मागेही लागतोय म्हणजे पकडीचा थोडा वाटा तिकडे खर्च. कोरड्या डांबरावर हे निभावतं, ओल्या रस्त्यावर गोटा झालेल्या टायरला नाही. त्याच वेळी पुढच्या टायरवर ६८३ किलो आलेत, ते घट्ट धरतात. तोंड आत, शेपूट बाहेर.

तेच वळण ३५ ने घ्या. ०.३९ जी, मागची गरज ०.४९. पाच किमीत एवढा फरक, कारण वेगाचा वर्ग होतो.

पोत्याचा उपयोग नाही. ४० किलो टाकलेत तर पकड वाढेल, पण वळवायचं वस्तुमानही तेवढंच वाढेल. शिवाय भार दुप्पट केला म्हणून टायरची पकड दुप्पट होत नाही, थोडी कमीच मिळते. आणि डिकीतलं वजन मागच्या ॲक्सलच्याही मागे लटकतं, त्यामुळे शेपूट एकदा फिरायला लागली की आवरायला जड जाते. पोतं घरीच बरं.

पाना_तेरा:
वरचं गणित बरोबर आहे, पण तुमचा दोष प्रश्नातच लिहिलाय. पुढचे टायर लवकर झिजतात म्हणून दुकानदार नवी जोडी पुढे टाकतो, गिऱ्हाईकही खूश. पावसासाठी हे उलटं आहे. दोनच नवे घेतले तर ते मागे, आणि मागचे बरे असले तर पुढे. पुढचे सुटले तर स्टेअरिंग हलकं लागतं, आधी कळतं. मागचे सुटले की कळेपर्यंत गाडी आडवी झालेली असते. साइझ चारी चाकांना एकच असेल तर आजच अदलाबदल करून घ्या.

जुन्या टायरची खाच मोजा. नव्याला ७-८ मिमी असते, १.६ मिमीला झिजेच्या खुणा रबराच्या पातळीत येतात. ३ मिमीच्या खाली पावसात घाटात जाऊ नये असं माझं मत. खाच असली तरी तारीख बघा. टायरच्या बाजूला कोरलेल्या डीओटीच्या ओळीतले शेवटचे चार आकडे ३२१७ असतील तर तो २०१७ च्या ३२व्या आठवड्याचा आहे, रबर कडक झालेलं असणार. हवा गार टायरमध्ये, ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावरच्या स्टिकरप्रमाणे. पूर्ण भाराचा आकडा मागे भरून एकटेच फिरत असाल तर टायर मधोमध टेकतो.

मग गाडी वर घेऊन टॉर्शन बीमचे दोन्ही पुढचे बुश बघा. रबर फाटलं असेल तर पहारीने रेटल्यावर बीम मागेपुढे सरकतो. वळणात आडवा जोर आला की तो अख्खा थोडा फिरतो, म्हणजे मागची चाकं आपोआप स्टेअर होतात. शॉकअपला तेल सुटलंय का तेही. ड्रम उघडून लायनर बघा: व्हील सिलेंडर एका बाजूला गळत असेल किंवा हँडब्रेकची केबल एकीकडे ताणलेली असेल तर एकच मागचं चाक आधी धरतं.

हॉटहॅच:
अशी वागणूक कंपन्या कधी मुद्दामही ठेवतात. १९८४ साली आलेली प्यूजो २०५ जीटीआय याच सवयीसाठी नावाजलेली आणि बदनामही. वळणात पाय उचलला की तोंड आत वळतं, चालवणाऱ्याला मजा येते. त्यासाठी गाडीचा मागचा भाग पुढच्याच्या मानाने झुकायला कडक ठेवतात. मग आडवा भार मागच्या बाहेरच्या चाकावर गोळा होतो, आतलं उचललंही जातं. बाजारातून मागचा जाड अँटी रोल बार (वळणात गाडी झुकू न देणारा दांडा) आणून लावणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

सुटलीच तर: ब्रेक नाही. स्टेअरिंग ज्या दिशेला जायचंय तिकडे, म्हणजे शेपूट ज्या बाजूला गेली त्या बाजूला, आणि पायाने हलका ॲक्सिलरेटर. पुढची चाकं गाडी ओढतात, भार मागे जातो. जोरात दाबलात तर पुढची घसरतील. शेपूट परत यायला लागताच स्टेअरिंग सरळ करा, उशीर झाला तर दुसऱ्या बाजूचा झोला पहिल्यापेक्षा मोठा असतो. अर्थात घाटात याला जागाच नसते, म्हणून गिअर आणि वेग वळणाच्या आधी, सरळ पट्ट्यात उतरवायचा. एबीएस फक्त चाक लॉक होऊ देत नाही. बाहेरचं पुढचं चाक आपणहून दाबून गाडी सरळ करतं ते ईएससी.

घाटउतार:
टायर उद्या बदलतो. अलाइनमेंटवाला म्हणतो मागे काही ॲडजस्टच होत नाही, म्हणून त्याने मागे सेन्सर लावला नाही.

पाना_तेरा:
ॲडजस्ट होत नाही हे बऱ्याच गाड्यांत खरं, पण मोजता येतं. चारही चाकांना सेन्सर लावणारा शोधा आणि कागद छापून घ्या. मागच्या दोन्ही चाकांचा टो (वरून बघताना चाकाचं तोंड आत की बाहेर) साधारण सारखा आणि किंचित आत हवा. एखादं बाहेर दाखवत असेल तर खड्ड्यात बीम किंवा स्टब ॲक्सल (चाक ज्यावर बसतं तो खुंटा) वाकलाय. थोडं असेल तर स्टबच्या मागे पाचरीसारखी शिम टाकून निघतं, जास्त असेल तर तो भागच बदलायचा. गरम करून, ठोकून सरळ करून देतो म्हणणाऱ्याकडून करून घेऊ नका. बुश मात्र मोजणीच्या आधी बघा, ते गेलेले असतील तर कागदावरचा आकडा दर वेळी वेगळा येईल.