पीएच वाढवल्यावर वेग वाढतो, पण त्यावरून बोरेट ठरत नाही
बोरिक आम्ल किंवा त्याचा कार्बनी भाऊबंद बोरॉनिक आम्ल यांच्याबद्दल एक दावा केला जातो: पाण्यात डायॉलशी (दोन OH गट असलेल्या, साखरेसारख्या रेणूशी) फक्त बोरेट आयनच, म्हणजे आम्लाने हायड्रॉक्साइड घेऊन बनलेलं चतुष्फलकी रूपच, अभिक्रिया करतो, आणि पीएच वाढवला की वेग वाढतो हाच त्याचा पुरावा. संतुलनापुरतं पटतं: चतुष्फलकी बोरेटचं संयुग जास्त टिकाऊ असतं. बोरिक आम्लाच्या टायट्रेशनमध्ये हे समोर दिसतं. फिनॉल्फ्थॅलीन या सूचकाचा गुलाबी रंग आलेल्या फ्लास्कमध्ये चमचाभर मॅनिटॉल (डायॉलसारखं वागणारी साखर-अल्कोहोल) टाका, रंग लगेच उडतो आणि ब्युरेट पुन्हा उघडावी लागते. ९.२४ पीकेए असलेलं, म्हणजे मुळात अगदी दुबळं, आम्ल एकदम जोरदार झालेलं असतं.

पण वेगाचा प्रश्न वेगळा आहे, आणि या दाव्यात एक मुद्दा राहून गेलाय. 'त्रिकोणी आम्ल (हायड्रॉक्साइड न घेतलेलं मूळ रूप) + प्रोटॉन गमावलेला लिगँड (बोरॉनला जोडला जाणारा रेणू, इथे डायॉल)' आणि 'बोरेट + अख्खा लिगँड' या दोन वाटांमध्ये प्रोटॉनांची एकूण संख्या सारखीच. त्यामुळे दोन्हींचं वेगसूत्र पीएचवर तंतोतंत एकाच पद्धतीने अवलंबून असतं. नुसत्या पीएच-आलेखावरून निवड करताच येत नाही! जुन्या पेपरांत बोरेटला जे श्रेय मिळालं, त्यातलं बरंचसं या संदिग्धतेतून आलंय असं मला वाटतं. जपानमध्ये वासेदा विद्यापीठात कोजी इशिहारा यांच्या गटाने लिगँड नीट निवडून ही गाठ सोडवली, आणि त्रिकोणी बोरॉनिक आम्लही चांगलंच क्रियाशील असल्याचं दाखवलं. कारण समजण्यासारखं आहे: त्याच्या बोरॉनवर रिकामं पी-ऑर्बिटल (इलेक्ट्रॉन सामावून घेणारी जागा) तयारच असतं, बोरेटला मात्र हायड्रॉक्साइड सोडावा लागतो. बोरॉनिक आम्लावर चालणारा ग्लुकोज सेन्सर किती लवकर प्रतिसाद देईल हे ठरवताना पीकेएसोबत हे वेगस्थिरांकही पाहायलाच हवेत.